मुलाच्या डोळ्याच्या नसेला सूज असल्याची शंका: मुंबईतील पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

चष्म्याचा नंबर तपासण्यासाठी नेलेल्या मुलाच्या केसपेपरवर डॉक्टर 'डिस्क एडिमा', म्हणजे डोळ्याच्या नसेच्या टोकाला सूज, असे लिहितात, त्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह काढतात आणि "मोठ्या रुग्णालयात दाखवून घ्या" एवढे सांगून पुढचा रुग्ण बोलावतात. त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळेपर्यंत काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे घाई करावी, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. आमच्या मुलीच्या निमित्ताने आम्ही ही सगळी वाट चाललो आहोत. मी डॉक्टर नाही; त्यामुळे उपचार कोणता घ्यावा हे येथे सांगणार नाही. तपासण्यांचा क्रम, त्यांमागचे कारण आणि मुंबईत त्या करून घेताना येणाऱ्या अडचणी एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

प्रथम थोडे समजून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर ज्या गोल जागेतून नस मेंदूकडे निघते, तिला डिस्क म्हणतात. मेंदूभोवती जे पाणी असते, तेच या नसेच्या आवरणातही उतरलेले असते. त्यामुळे डोक्यातील दाब वाढला की तो नसेपर्यंत पोहोचतो आणि डिस्कच्या कडा पुसट व फुगीर दिसू लागतात. दाबामुळे आलेल्या या सुजेला पॅपिलेडेमा म्हणतात आणि ती बहुधा दोन्ही डोळ्यांत असते. नसेचाच दाह झाला, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस असेल, तरीही डिस्क सुजू शकते. तिसरी शक्यता अशी की सूज मुळात नसतेच: काही मुलांची डिस्क जन्मतःच दाटीची किंवा तिरकी असते आणि काहींच्या डिस्कमध्ये ड्रुसेन नावाचे बारीक कण खोलवर दडलेले असतात. या तिन्ही गोष्टी पहिल्या नजरेत सारख्याच दिसू शकतात, म्हणून डॉक्टर प्रश्नचिन्ह काढतात.

१. आजच निघायचे की एक-दोन दिवसांत, हे आधी ठरवा

पुढीलपैकी काहीही असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे; रात्र झाली असेल तरी जावे.

- डोकेदुखीसोबत वारंवार उलट्या, विशेषतः सकाळी उठल्यावर
- गुंगी, वागण्यातील बदल, आकडी
- ताप आणि मान ताठ होणे
- नव्याने आलेला तिरळेपणा किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे
- काही तासांत किंवा दिवसांत नजर झपाट्याने कमी होणे, डोळा हलवताना दुखणे
- चालताना तोल जाणे

यांपैकी काही नसेल, तरी तपासणी एक-दोन दिवसांत व्हायला हवी. शाळेची चाचणी संपू द्या, गणपती होऊ द्या, मग बघू, असे घरातून सुचवले जाते. ते मान्य करू नये. दाबामुळे आलेल्या सुजेत सुरुवातीला नजर पूर्ण ६/६ राहू शकते. मूल खेळते आहे, फळ्यावरचे सगळे वाचते आहे, एवढ्यावरून सूज नाही असा निष्कर्ष निघत नाही.

मुलाला शांतपणे विचारावे, पण उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. खाली वाकून बुटाची नाडी बांधताना किंवा झटकन उभे राहताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येतो का? रात्री आडवे झाल्यावर कानात नाडीच्या ठेक्यावर घुमल्यासारखा आवाज येतो का? आमची मुलगी "लाईट गेल्यासारखं होतं आणि लगेच येते" असे म्हणायची, आणि इमारतीत खरोखरच अधूनमधून वीज जात असल्यामुळे त्या बोलण्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. लहान मुले तक्रार करत नाहीत. ती टीव्ही बघताना एक डोळा मिटतात किंवा मान तिरकी धरतात. ते पाहावे.

घरी एक साधी चाचणी करता येते. एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरील तारखा वाचायला सांगाव्यात, मग दुसरा डोळा झाकून तेच करावे. त्यानंतर एखादी लाल वस्तू, बाटलीचे झाकण चालेल, दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने दाखवून लाल रंग कोणत्या डोळ्याला फिकट दिसतो ते विचारावे. रंग फिकट दिसणे हे नसेच्या दाहाचे महत्त्वाचे लक्षण आहे. मात्र या चाचणीत सगळे ठीक आढळले म्हणून रुग्णालयात जाणे टाळू नये.

२. एका कागदावर पूर्ण हकिकत लिहून काढा

नेत्रविभाग, बालरोग विभाग, न्यूरॉलॉजी, पुन्हा नेत्रविभाग असे फिरताना प्रत्येक ठिकाणी निवासी डॉक्टर तोच इतिहास नव्याने विचारतात आणि थकलेले आईवडील दर वेळी काहीतरी वेगळे सांगतात. म्हणून घरीच एक पान लिहावे आणि त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात. पुढील गोष्टी पालकांना किरकोळ वाटतात, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या मोलाच्या असतात.

घेतलेली औषधे सर्वप्रथम लिहावीत. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, अ जीवनसत्त्वाचा अतिरिक्त डोस, ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने आणि अचानक बंद केलेली स्टेरॉइड यांमुळे डोक्यातील दाब वाढू शकतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले औषध, आजीने सुरू केलेले चाटण, बिनलेबलची पुडी हेसुद्धा लिहावे. लाजून लपवू नये. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस दर सहा महिन्यांनी दिले जातात व त्यांची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर असते, ते कार्ड सोबत घ्यावे.

त्यानंतर आजार. गेल्या काही आठवड्यांतील ताप, सर्दी, लसीकरण. कान वाहत असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण कानामागच्या हाडात पोहोचलेल्या संसर्गामुळे मेंदूतील रक्त वाहून नेणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि त्यातून दाब वाढतो. घरात, शेजारी किंवा शिकवणीच्या वर्गात कोणाला क्षयरोग झाला असल्यास तेही लिहावे. मुंबईत हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारतात आणि पालक कमीपणा वाटून "नाही" म्हणतात. क्षयरोगामुळे होणारा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, हे मुलांमध्ये दाब वाढण्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याने तेथे खोटे बोलणे फार महागात पडते. गेल्या काही महिन्यांत वजन किती वाढले, हेही नमूद करावे.

३. फाईल तयार करा

- मुलाचे आधार कार्ड आणि जन्मदाखला
- शिधापत्रिका, मूळ आणि छायाप्रत
- आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा म्हणजे आभा क्रमांक, असल्यास
- पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी, जुने व चालू चष्म्याचे नंबर आणि चष्मा
- पूर्वीचे सर्व रक्ततपासणी अहवाल
- आईवडिलांपैकी कोणाच्या डोळ्यांची तपासणी झाली असल्यास तिचे कागद
- वही, पेन, झिप असलेली प्लास्टिकची मोठी पिशवी

पिशवी चैनीची वस्तू नाही. जुलै महिन्यात परळच्या पुलावरून एमआरआयच्या फिल्म घेऊन चालताना तिचे महत्त्व कळते. फिल्म भिजली तर पुन्हा छापून घ्यावी लागते, म्हणून एमआरआयची सीडी मागून घ्यावी आणि तिची प्रत संगणकावर ठेवावी.

४. कुठे जायचे ते ठरवा

हे काम एका डॉक्टरचे नाही. नेत्रतज्ज्ञ, मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय आणि गरज पडल्यास न्यूरोसर्जन हे सगळे ज्या ठिकाणी एका छताखाली आहेत, तेथे जाणे सोयीचे ठरते. महापालिकेची केईएम, शीव आणि नायर ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, तसेच राज्य शासनाचे भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय येथे हे विभाग आहेत. परळला केईएमच्या जवळच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. खासगी रुग्णालयात जाणार असाल, तर भेटीची वेळ घेतानाच विचारून घ्यावे: लहान मुलाला भूल देऊन एमआरआय करण्याची सोय तेथे आहे का? नसल्यास मुलाला घेऊन दोन ठिकाणी धावावे लागते.

सार्वजनिक रुग्णालयात केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते. विशेष ओपीडी, जसे मुलांची न्यूरॉलॉजी, ठरलेल्या वारीच असतात. त्यामुळे पहिल्या दिवशीच कोणत्या विभागाचा कोणता वार आहे, हे सिस्टरना विचारून वहीत लिहून ठेवावे. दोघांनी जावे. एकाने रांगेत उभे राहावे, दुसऱ्याने मुलाजवळ बसावे. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांना कोणती खिडकी कधी बंद होते हे फलकांपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते.

५. नेत्रविभागातील तपासण्या समजून करून घ्या

येथे एक क्रम महत्त्वाचा आहे. प्रकाशाला बाहुली कसा प्रतिसाद देते, रंग कसे ओळखले जातात आणि चष्म्यासह नजर किती आहे, या तीन गोष्टी बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी तपासायच्या असतात. गर्दीच्या ओपीडीत मूल दारात येताच थेंब घातले जातात आणि मग बाहुलीची तपासणी त्या दिवशी होऊच शकत नाही. "थेंबांपूर्वी बाहुली आणि रंग पाहिले का?" हे नम्रपणे विचारावे, या प्रश्नाचा कोणालाही राग येत नाही.

थेंबांनंतर काही तास, आणि अॅट्रोपिन वापरल्यास काही दिवस, जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. टोपी न्यावी. त्या दिवशी गृहपाठाचा आग्रह धरू नये. मुलाला आपत्कालीन विभागात किंवा न्यूरॉलॉजीत पाठवायचे असेल, तर बाहुल्या औषधाने मोठ्या केल्या आहेत हे केसपेपरवर वेळेसह लिहून घ्यावे, अन्यथा पुढील डॉक्टर मोठ्या बाहुल्या पाहून वेगळीच शंका घेतात.

रक्तदाब नेत्रविभागात मोजला जाईलच असे नाही. तो त्याच दिवशी मोजून घ्यावा, कारण अतिउच्च रक्तदाबामुळेही डिस्क सुजते आणि मुलांमध्ये ते मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. दंडाला बांधायचा पट्टा मुलाच्या मापाचा हवा. छोटा पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो, मोठा पट्टा कमी दाखवतो.

फंडस फोटो, म्हणजे पडद्याचे रंगीत छायाचित्र, ही माझ्या मते संपूर्ण फाईलमधील सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. डिस्क "थोडी सुजलेली" आहे असे एका डॉक्टरांनी लिहिले आणि महिन्याने दुसऱ्यांनी "किंचित" असे लिहिले, तर त्यातून सूज वाढली की उतरली हे कळत नाही. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की कळते. खरी सूज काही आठवड्यांत बदलते. जन्मजात दाटीची डिस्क तशीच राहते. छायाचित्राची मूळ फाईल मागावी, काळ्या-पांढऱ्या छपाईवर समाधान मानू नये.

ओसीटी या तपासणीत नसेच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते. अहवालावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात आणि लाल दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो. पण बहुतेक यंत्रांतील तुलनेची आकडेवारी प्रौढांची असते, त्यामुळे मुलाच्या अहवालातील रंगांना मर्यादित अर्थ आहे. आकडे महत्त्वाचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील प्रत्येक ओसीटी त्याच यंत्रावर करणे. एका कंपनीच्या यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी थेट जुळत नाहीत.

ड्रुसेनची शंका असल्यास डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, करतात. कॅल्शियम साठलेले कण त्यात ठळक चमकतात. लहान मुलांत हे कण खोलवर आणि अद्याप कॅल्शियम न साठलेले असू शकतात, म्हणून बी-स्कॅन स्वच्छ आला तरी ड्रुसेनची शक्यता पूर्णपणे मिटत नाही. येथे एक युक्ती उपयोगी पडते, जी आम्हाला रांगेतच कळली. आमच्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचेही डोळे डॉक्टरांनी तपासले आणि त्यांच्या डिस्कमध्ये तेच कण सापडले. ड्रुसेन पुष्कळदा घराण्यात असतात. तेव्हा आईवडिलांनी स्वतःच्या पडद्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. अर्थात आईवडिलांत ड्रुसेन सापडले म्हणून मुलाची उरलेली तपासणी सोडून द्यायची नसते. तो निर्णय डॉक्टरांचा.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, मुलाच्या सहनशक्तीवर अवलंबून असते. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून, समोरच्या बिंदूवर नजर खिळवून, कडेला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे. सात-आठ वर्षांखालील मुलांना हे जमत नाही आणि मोठ्या मुलांचाही पहिला अहवाल बहुधा अविश्वसनीय येतो. मुलाला खाऊ घालून, सकाळच्या वेळी न्यावे आणि घरी खेळ म्हणून सराव करून घ्यावा. पहिल्या अहवालातील काळे डाग पाहून घाबरू नये. दुसरा अहवाल पाहिल्याशिवाय डॉक्टरही त्यावर मत बनवत नाहीत.

६. एमआरआय: चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचा

सूज खरी वाटत असेल तर डोक्यात गाठ, पाणी साठणे, संसर्ग किंवा शिरेतील रक्ताची गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करतात. सर्वांत सामान्य सापळा येथे आहे. चिठ्ठीवर केवळ 'एमआरआय ब्रेन' असे असेल, तर केंद्रावर तेवढाच केला जातो आणि मग शिरांचा आणि डोळ्यामागच्या नसांचा एमआरआय करण्यासाठी मुलाला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन) मेंदू, डोळ्यांची खोबण आणि एमआर व्हेनोग्राफी (शिरांचा एमआरआय) हे तिन्ही हवे आहे का, हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून त्यांच्याच हाताने लिहून घ्यावे. आपत्कालीन स्थितीत आधी सीटी स्कॅन करतात, कारण तो काही मिनिटांत होतो. पण तो एमआरआयची जागा घेत नाही.

कॉन्ट्रास्टच्या आधी बहुधा मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. तो अहवाल सोबत असावा. भूल द्यायची असल्यास उपाशी ठेवण्याचे नियम काटेकोर असतात: हलक्या जेवणानंतर किमान ६ तास, आईच्या दुधानंतर ४ तास, साध्या पाण्यानंतर २ तास. केंद्राने वेगळे सांगितले असल्यास त्यांचे ऐकावे. पहाटे उठलेल्या मुलाच्या हातात आजी प्रेमाने एक बिस्कीट देते आणि दिवसभराची वेळ हातची जाते, म्हणून आदल्या रात्रीच घरातील प्रत्येकाला बजावून ठेवावे.

धातूचे सर्व काही काढावे लागते: कानातले, वाळे, करगोट्यातील चांदीचा मणी, गळ्यातील ताईत, केसांच्या पिना. काजळ पुसून टाकावे. मुलाजवळ जी व्यक्ती आत थांबणार, तिने मंगळसूत्र आणि मोबाईल बाहेर ठेवावा. दातांना तारा असतील तर आधी सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो. थोड्या मोठ्या मुलाला त्याची ध्वनिफीत आदल्या दिवशी ऐकवल्यास काही मुले भूल न घेताही स्तब्ध पडून राहतात.

अहवाल 'नॉर्मल' आला की नातेवाईक पेढे मागतात. डोक्यात गाठ नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण दाब वाढलेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. कोणतेही कारण न दिसता दाब वाढण्याच्या विकाराला इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन म्हणतात आणि त्यात मेंदूचा एमआरआय बहुतांशी स्वच्छच असतो. आमच्या बाबतीत हेच निघाले.

७. पाठीतून पाणी काढण्याची तपासणी

या तपासणीचे नाव ऐकताच घरात वाद होतो. "पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो" हे वाक्य आम्हाला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी ऐकवले. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात. तेथे पाण्यात तरंगणारे मज्जातंतू असतात, मज्जारज्जू नसतो. एमआरआय किंवा सीटी आधी करण्यामागेही सुरक्षितता हेच कारण आहे: डोक्यात गाठ असताना खालून पाणी काढणे धोक्याचे ठरू शकते.

मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. दाब मोजण्यासाठी सुईला उभी नळी जोडतात आणि पाणी किती सेंटीमीटर चढते ते पाहतात. मुलांमध्ये २८ सेंटीमीटरपर्यंतचा दाब सर्वसाधारण धरतात. भूल न दिलेल्या आणि लठ्ठ नसलेल्या मुलात ही मर्यादा २५ आहे. मूल रडत, ताठ होऊन, श्वास रोखून असेल तर आकडा खोटाच वाढतो. काही भुलीच्या औषधांनीही वाढतो. म्हणून केवळ आकडा नव्हे, तो कोणत्या स्थितीत मोजला गेला हेही केसपेपरवर लिहिलेले असावे.

माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला येथे आहे: सुई घालण्यापूर्वी "दाब मोजणार आहात ना?" असे विचारावे. घाईत नुसते पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवले जाते, पेशी, प्रथिने आणि साखर यांचे अहवाल येतात, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो दाबाचा आकडाच कुठे नसतो. मग सगळे पुन्हा करावे लागते. दाब कमी करणारी गोळी आधीच सुरू झाली असल्यास तेही सांगावे. तपासणीनंतर उठून बसल्यावर डोके दुखू शकते. आडवे पडल्यावर ते बहुधा थांबते.

८. निदान झाल्यावर

गाठ, पाणी साठणे किंवा क्षयरोग निघाल्यास पुढील मार्ग न्यूरोसर्जन आणि बालरोगतज्ज्ञ ठरवतात आणि तो वेगाने चालतो. नसेचा दाह असल्यास शिरेतून स्टेरॉइड देतात. त्यापूर्वी मॉग आणि अॅक्वापोरिन-४ या, नसेवरच हल्ला करणाऱ्या, प्रतिपिंडांसाठी रक्त घेतले आहे का, ते पाहावे, कारण पुन्हा दाह होण्याचा धोका आणि पुढील औषधे त्यावर ठरतात. निदानापूर्वीच कोणी केवळ अंदाजाने स्टेरॉइड सुरू करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. नजर झपाट्याने जात असेल तर हे मत त्याच दिवशी घ्यावे.

कारणाविना वाढलेल्या दाबासाठी बहुधा अॅसिटाझोलामाइड देतात. आपल्याकडे ते डायमॉक्स या नावाने सर्वांना माहीत आहे. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवी वारंवार लागते, भूक मंदावते आणि थंड पेयातील बुडबुड्यांची चव विचित्र लागते. मुलीने थम्सअपचा घोट घेऊन "हे शिळं आहे" म्हणून ग्लास परत केला, तेव्हा आम्ही दुकानदाराशी भांडायच्या बेतात होतो. हे परिणाम अपेक्षित आहेत; सततच्या उलट्या, अंगावर पुरळ किंवा पाठीच्या बाजूला तीव्र कळ आल्यास मात्र लगेच कळवावे. सल्फाची अॅलर्जी असल्यास आधीच सांगावे. पाणी भरपूर पाजावे आणि सांगितलेल्या वेळी रक्तातील पोटॅशियम व बायकार्बोनेट तपासून घ्यावे.

वयात आलेल्या मुलींमध्ये वजनाचा या विकाराशी जवळचा संबंध असतो आणि डॉक्टर वजन कमी करायला सांगतात. त्याहून लहान मुलांत हा विकार मुलगे आणि मुली दोघांनाही होतो आणि वजनाशी त्याचा तेवढा संबंध नसतो. वजनाचा विषय निघालाच तर संपूर्ण घराचे जेवण बदलावे. ताटावरून एकट्या मुलीला टोमणे मारणाऱ्या पाहुण्यांना आईवडिलांनीच गप्प करावे.

सूज उतरायला आठवडे ते महिने लागतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: नसेचे तंतू मेले तरीही सूज उतरते, कारण सुजायला तंतूच उरत नाहीत. ओसीटीवरील आकडा कमी झाला म्हणून आनंद मानण्यापूर्वी नजर, रंग आणि दृष्टिक्षेत्र टिकून आहे का, ते विचारावे. औषध असूनही नजर घसरत असेल, तर नसेच्या आवरणाला छेद देण्याची किंवा शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि तेव्हा विचार करायला फारसा वेळ नसतो.

ड्रुसेन ठरल्यास औषध नाही, पण दरवर्षी दृष्टिक्षेत्र तपासावे लागते. त्या मुलाच्या दप्तरात डिस्कच्या छायाचित्राची एक प्रत कायम ठेवावी, म्हणजे शाळेच्या शिबिरातील किंवा नव्या गावातील डॉक्टर पुन्हा सुजेची शंका घेऊन सारे चक्र फिरवणार नाहीत.

९. खर्चाची सोय

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या केंद्रात पैसे भरून केलेला एमआरआय सहसा त्यात बसत नाही. म्हणून दाखल होण्याची शक्यता दिसताच, पैसे भरण्यापूर्वी, रुग्णालयातील आरोग्यमित्राला (या योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) शिधापत्रिका आणि आधार दाखवून विचारावे. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव नसेल तर तेथेच काम अडते. ते आजच पाहून ठेवावे. महापालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो आणि पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, मदत मिळू शकते. धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. प्रभादेवीचा सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतो. अशा अर्जांना रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते.

१०. शाळेला काय कळवावे

वर्गशिक्षकांना लेखी कळवावे: पुढच्या बाकावर जागा, औषधामुळे लघवीला जाण्याची मुभा, पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची परवानगी आणि डोके दुखू लागल्यास घरी फोन. खेळाच्या तासाबद्दल डॉक्टरांकडून स्पष्ट चिठ्ठी घ्यावी, कारण चिठ्ठी नसल्यास शाळा एकतर मुलाला वर्षभर बसवून ठेवते किंवा शर्यतीत पळवते. दहावीची परीक्षा जवळ असेल आणि दृष्टिक्षेत्र बाधित झाले असेल, तर सवलतींसाठी मुख्याध्यापकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलावे. वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवण्यात आणि ते मंडळाकडे पाठवण्यात बराच वेळ जातो.